बोर्डाशी प्रश्नोत्तरे

५१ मिलिमीटर लांब आणि २१ मिलिमीटर रुंद अशी एक हिरवी पट्टी डोळ्यांसमोर आणा. तिच्या दोन्ही काठांवर वीस-वीस टोके आहेत, मधोमध करंगळीच्या नखाएवढी एक काळी चिप आहे आणि एका अंगाला यूएसबी केबल खुपसण्याची खाच आहे. रास्पबेरी पाय पिको नावाचा हा बोर्ड २०२१ साली बाजारात आला आणि आज तो पाचशे रुपयांच्या आत मिळतो. अनेक शाळांच्या विज्ञानमंडळांत तो पोचलाही आहे. तो हाती आल्यावर तुम्ही प्रथम काय कराल?

बहुतेक जण पुस्तकातली एखादी तयार आज्ञावली उतरवून घेतात आणि ती बोर्डात भरतात. त्यावरचा चिमुकला दिवा लुकलुकू लागतो, सगळे टाळ्या वाजवतात आणि बोर्ड पुन्हा खोक्यात जातो. यात वाईट काही नाही. पण दिवा लुकलुकला म्हणजे नेमके काय झाले, असे विचारले तर उत्तर येत नाही. आज्ञावली म्हणजे आधीच लिहून ठेवलेले भाषण. ते सुरू झाले की श्रोत्याने मध्येच हात वर करून शंका विचारण्याची सोय नसते. या लेखात आपण दुसरा मार्ग धरणार आहोत. बोर्डाला एक प्रश्न विचारायचा, त्याचे उत्तर वाचायचे आणि त्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरवायचा. डॉक्टर रोग्याला तपासतात तसेच हे आहे.

अशा संभाषणाची सोय करून देणाऱ्या आज्ञावलीला शेल म्हणतात. शेल म्हणजे कवच. आतल्या यंत्रणेभोवती असलेल्या या कवचाला तुमची एक ओळ ऐकू येते. ते ती लगेच अमलात आणते, उत्तर छापते आणि पुन्हा तुमच्याकडे पाहत थांबते. 'मी तयार आहे' हे सांगण्यासाठी पडद्यावर >>> असे तीन बाण उमटतात.

ही सोय संगणकाबरोबर जन्माला आली नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकाला काम सांगायचे तर ते आधी कागदी फितीवर भोके पाडून आणावे लागे. चूक निघाली की नवी फीत! पुढे १९७१ च्या सुमारास अमेरिकेत किट पीक येथील रेडिओ दुर्बिणीसाठी चार्ल्स मूर यांनी आपली 'फोर्थ' ही भाषा वापरली. दुर्बिणीपाशी बसलेल्या माणसाने एक शब्द टंकायचा आणि यंत्राने तो तिथल्या तिथे पाळायचा, हे तिचे वैशिष्ट्य. यंत्रसामग्री समोर असताना तिच्याशी बोलत बोलतच काम करावे लागते, हे दुर्बिणीवाल्यांना लवकर उमगले याचे मला आश्चर्य वाटत नाही. आकाश काही तुमच्या फितीसाठी थांबत नाही.

आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून १९८० च्या दशकात ८०८५ या प्रोसेसरचे संच आले. त्यांवर सोळा अंकांच्या कळा आणि सहा लाल आकडे असत. एक पत्ता दाबायचा आणि त्या पत्त्यावर काय आहे ते आकड्यांत पाहायचे. तोही एक शेलच, फक्त सहा आकड्यांचा. आपण ज्या शेलचा उपयोग करणार आहोत तो 'मायक्रोपायथन' डेमियन जॉर्ज या भौतिकशास्त्रज्ञाने तयार केला. २०१३ साली त्यांनी लोकवर्गणीतून या कामासाठी पैसे उभे केले. पायथन भाषेचे हे छोटे रूप लहानशा चिपवरच राहते. म्हणजे शेल तुमच्या मोठ्या संगणकात नसून त्या हिरव्या पट्टीत असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे.

आता जुळणी. बोर्डावर एक पांढरे बटण आहे. ते दाबून धरून केबल संगणकाला जोडा आणि मग बटण सोडा. संगणकाला तो बोर्ड पेनड्राइव्हसारखा दिसू लागेल. मायक्रोपायथनच्या संकेतस्थळावरून या बोर्डासाठी असलेली फाईल उतरवून घ्या आणि त्या 'पेनड्राइव्ह'मध्ये टाका. बोर्ड आपोआप पुन्हा सुरू होईल. मग 'थॉनी' हे मोफत मिळणारे साधन उघडून त्यात हा बोर्ड निवडला की तळाच्या चौकटीत ते तीन बाण दिसतील. काहीच दिसले नाही तर आधी केबल बदला. मोबाइलबरोबर येणाऱ्या काही केबलींत नुसत्या वीज वाहणाऱ्या दोन तारा असतात. संदेश नेणाऱ्या तारा त्यांत नसतातच, आणि बिचाऱ्या बोर्डावर उगाच ठपका येतो.

छपाईबद्दल एक सूचना. आज्ञा मी येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत व इंग्रजी अंकांत टंकायच्या. 'पिन', 'आयटूसी', 'एडीसी', 'आउट', 'इन' आणि 'पुल_अप' या नावांतली रोमन अक्षरे मात्र मोठी असतात, 'पिन'मधले पहिलेच तेवढे.

प्रथम साधी बेरीज करा.

>>> २ + ३
५

हे उत्तर कोणी दिले? केबल काढा आणि पुन्हा विचारून पाहा. आता उत्तर येत नाही. मोठा संगणक तोच, पडदा तोच, पण बेरीज करणारा गेला. आता केबल जोडून विचारा:

>>> इम्पोर्ट मशीन
>>> मशीन.फ्रीक()
१२५००००००

हा चिपच्या नाडीचा वेग. एका सेकंदात साडेबारा कोटी ठोके, म्हणजे एक ठोका ८ नॅनोसेकंदांचा. तेवढ्या वेळात प्रकाश किती अंतर जातो? ३ × १०⁸ ला ८ × १०⁻⁹ ने गुणा: २.४ मीटर. खोलीच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत प्रकाश पोचायच्या आत या चिपचा एखादा ठोका पडून गेलेला असतो.

आता दिवा.

>>> फ्रॉम मशीन इम्पोर्ट पिन
>>> दिवा = पिन(२५, पिन.आउट)
>>> दिवा.ऑन()

('दिवा' हे नाव आपण दिलेले आहे. हवे ते द्या, फक्त रोमन अक्षरांत.) दिवा लागला. 'ऑफ' म्हटले की विझेल. पण दोन-चारदा लावून-विझवून झाल्यावर खरा प्रश्न विचारायला हवा. 'ऑन' हा तर शब्द आहे आणि दिव्याला लागतो विद्युत्प्रवाह. शब्दाचा प्रवाह झाला कुठे?

याचे उत्तर कळण्यासाठी चिपमधली पत्त्यांची व्यवस्था समजून घेतली पाहिजे. आमच्या खारघरात घर सापडते ते सेक्टर आणि भूखंड क्रमांक यांवरून. क्रमांक नुसता वाचून त्या भूखंडावर राहते घर आहे, शाळा आहे की पाण्याची टाकी, हे समजत नाही. पत्रावर पत्ता मात्र सर्वांचा सारख्याच पद्धतीने लिहितात. चिपमध्येही असेच आहे. प्रत्येक पत्ता ३२ बिटांचा असतो आणि तो षोडशमान पद्धतीने आठ अंकांत लिहितात. या पद्धतीत ९ च्या पुढे ए, बी, सी, डी, ई, एफ असे सहा अंक आणखी येतात, आणि संख्या षोडशमान आहे हे कळावे म्हणून तिच्या आधी '०एक्स' लावतात. पहिला अंक म्हणजे जणू सेक्टर. ० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर कारखान्यातच कायमची कोरलेली स्मृती आहे, १ वर फ्लॅश स्मृती, २ वर कामचलाऊ स्मृती. या तिन्ही ठिकाणी 'घरे' आहेत. ४ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर मात्र स्मृती नाही. तिथे घड्याळे, मोजमापक, संदेशवाहक अशी यंत्रे बसली आहेत. आणि डी सेक्टरात आहेत टोकांचे खटके.

प्रोसेसरला यातला फरक कळत नाही. तो फक्त 'या पत्त्यावर ही संख्या टाक' किंवा 'त्या पत्त्यावरची संख्या आण' एवढेच करू शकतो. दिवा लावणे म्हणजे एका विशिष्ट पत्त्यावर एक विशिष्ट संख्या टाकणे! करूनच पाहा:

>>> मशीन.मेम३२[०एक्सडी०००००१सी] = ३३५५४४३२

दिवा लागलेला असेल तर विझेल, विझलेला असेल तर लागेल. ती ओळ पुन्हा द्या, दिवा पुन्हा पालटेल. ३३५५४४३२ ही संख्या कुठून आली? ती २ चा २५ वा घात आहे, म्हणजे द्विमान पद्धतीत २५ व्या स्थानी १ आणि बाकी सर्व शून्ये. आपला दिवा २५ क्रमांकाच्या टोकाला जोडलेला आहे, म्हणून पंचविसावे स्थान. आणि ज्या पत्त्यावर ती टाकली तिथे 'ज्या ज्या स्थानी १ आले ते टोक पालट' असा खटका बसवलेला आहे. त्याच्या अलीकडच्या दोन पत्त्यांवर, म्हणजे शेवटी १४ आणि १८ असलेल्या, नुसते लावण्याचे व नुसते विझवण्याचे खटके आहेत. 'ऑन' या शब्दाच्या पोटात होते ते इतकेच. खटका दाबला की त्या टोकाशी ३.३ व्होल्ट येतात, आणि पुढचे काम ओहमच्या नियमाचे.

(पिको-डब्ल्यू या बिनतारी बोर्डावर दिवा दुसऱ्याच चिपच्या मागे आहे आणि २०२४ मध्ये आलेल्या पिको-२ मधली चिपच निराळी आहे. तिथे हे पत्ते लागू पडत नाहीत. पहिल्या पिकोवरच करा.)

आता ४ सेक्टरात जाऊ. पुढची ओळ द्या, थोडे थांबा आणि तीच पुन्हा द्या:

>>> मशीन.मेम३२[०एक्स४००५४०२८]
१८३४०६२१७
>>> मशीन.मेम३२[०एक्स४००५४०२८]
१८६९११५४०

तुम्हाला दुसरे आकडे दिसतील, पण दुसरा पहिल्याहून मोठा असेल. पत्ता एकच आणि दोन वेळा वाचल्यावर दोन उत्तरे! वही कोणी न लिहिता आपोआप बदलत असेल तर ती वही नव्हेच. हे घड्याळ आहे आणि ते मायक्रोसेकंद मोजते. वर छापलेल्या दोन आकड्यांतला फरक ३५०५३२३, म्हणजे दोन प्रश्नांमध्ये साडेतीन सेकंद गेले. ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या सुमारे ४२९ कोटी ५० लाख. तेवढे मायक्रोसेकंद म्हणजे ७१ मिनिटे ३५ सेकंद. त्यानंतर हा आकडा पुन्हा शून्यावर येतो. दोन तासिका सलग प्रयोग चालला तर ही उडी तुम्हाला प्रत्यक्ष पाहायला मिळेल.

आणि ० सेक्टर? तिथली एक गंमत.

>>> मशीन.मेम८[१६]
७७
>>> मशीन.मेम८[१७]
११७

संगणकाच्या अक्षरसंकेतात ७७ म्हणजे रोमन मोठा 'एम' आणि ११७ म्हणजे लहान 'यू'. चिप बनवणाऱ्यांनी ओळखीसाठी कोरलेली ही खूण. बोर्ड कितीदाही पुसा, ही दोन अक्षरे जाणार नाहीत.

अशी भटकंती करताना एखाद्या ओसाड भूखंडावर गेलात, म्हणजे जिथे काहीच बांधलेले नाही असा पत्ता वाचलात, तर बोर्ड एकदम मुका होतो. तीन बाण परत येत नाहीत. घाबरू नका, केबल काढून पुन्हा जोडा. वाचल्याने काही बिघडत नाही. बिघडते ते तारांनी. या चिपची टोके ३.३ व्होल्टची आहेत. त्यांना ५ व्होल्ट लावू नका, दोन आउटपुट टोके एकमेकांना जोडू नका आणि घरच्या विजेच्या आसपासही हा बोर्ड नेऊ नका. चूक आज्ञेत झाली तर शेल लाल अक्षरांत सांगतो. चूक तारेत झाली तर सांगायला तो उरेलच असे नाही.

एक टोक ऐकण्यासाठी ठेवून पाहा.

>>> कान = पिन(१५, पिन.इन)
>>> कान.व्हॅल्यू()

या टोकाला (काठावर मोजल्यास ते विसावे येते, टोकाचा क्रमांक आणि काठावरचे स्थान एक नसते हे विसरू नका) एक वीतभर सुटी तार जोडा आणि दुसऱ्या ओळीचा प्रश्न दहा-बारा वेळा विचारा. कधी ०, कधी १. तारेला बोट लावलेत तर उत्तरे आणखीच सैरभैर होतात. बोर्ड बिघडला का? मुळीच नाही. सुटे टोक कोणत्याच विभवाला बांधलेले नसते. भिंतीतल्या तारांभोवतीच्या, सेकंदाला ५० वेळा पालटणाऱ्या विद्युत्क्षेत्रात तुमचे शरीर आणि ती तार अँटेनासारखी वागतात. आता आज्ञेत 'पिन.पुल_अप' हे शब्द जोडा:

>>> कान = पिन(१५, पिन.इन, पिन.पुल_अप)

चिपच्या आतला ५० हजार ओहमच्या वरचा एक रोध ते टोक ३.३ व्होल्टला बांधून ठेवतो आणि उत्तर कायम १ येऊ लागते. तार जमिनीच्या टोकाला टेकवली की ०. दाराच्या घंटीचे बटण असे जोडतात. पूर्ण आज्ञावली भरून हाच प्रयोग करणारा विद्यार्थी त्या सैरभैर टोकाशी संध्याकाळभर झगडत बसतो, कारण त्याला दिसते ती फक्त शेवटची भलतीच वागणूक. शेलवर मात्र प्रश्न एका टोकापुरता असतो.

आता मोजमापाकडे वळू. खारघरच्या माणसाला या मोजमापाचे महत्त्व निराळे सांगायला नको. १६ एप्रिल २०२३ रोजी येथील मोकळ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा भव्य समारंभ भरदुपारपर्यंत चालला. लाखो माणसे उन्हात बसली होती. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी तापमान किती होते, हा प्रश्न नंतर पुष्कळांनी विचारला आणि प्रत्येकाने एकेक आकडा सांगितला. तापमानाचा आकडा म्हणजे काय आणि तो कुठून येतो, हे आपण बोर्डाला विचारू.

या चिपच्या पोटात तापमान ओळखणारा एक डायोड आहे. तापमान १ अंशाने वाढले की त्याच्यावरचे विभवांतर १.७२१ मिलिव्होल्टने घटते. २७ अंश सेल्सिअसला ते ०.७०६ व्होल्ट असते. ते मोजणारा एडीसी, म्हणजे विभवांतराचे संख्येत रूपांतर करणारा भाग, चिपमध्येच आहे.

>>> ताप = मशीन.एडीसी(४)
>>> ताप.रीड_यू१६()
१३७७९

आणखी काही वेळा विचारा. समजा १३७७९, १३७९५, १३७७९, १३७६३ अशी उत्तरे आली. यात काही विशेष दिसते का? शेजारच्या आकड्यांत दरवेळी १६ चाच फरक आहे. मधली संख्या कधीच येत नाही. मोजमाप ० ते ६५५३५ पर्यंत, म्हणजे १६ बिटांचे दिसत असले, तरी मोजणारा खरा १२ बिटांचा आहे. शेलने ते नुसते ताणून दाखवले. २ चा १२ वा घात ४०९६. ३.३ व्होल्टचे ४०९६ भाग केले तर एक पायरी ०.८ मिलिव्होल्टची, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अंशाची. अर्ध्या अंशाहून बारीक फरक या रीतीने एका वाचनात दिसूच शकत नाही. कोणी तुम्हाला याच डायोडवरून ३४.०७ अंश असा आकडा दाखवला, तर शेवटचे दोन अंक त्याने गणकयंत्राकडून उसने आणले आहेत असे समजा.

तो ३४.०७ कसा येतो ते पाहा. १३७७९ ला ६५५३५ ने भागून ३.३ ने गुणले की ०.६९३८ व्होल्ट. ते ०.७०६ पेक्षा ०.०१२२ ने कमी. त्याला ०.००१७२१ ने भागले की ७.०७ अंश, आणि ते २७ मध्ये मिळवायचे. गणित बरोबर. पण त्यातला ३.३ कोणी मोजला? तो तर आपण गृहीत धरला! बोर्डावर प्रत्यक्षात ३.३ ऐवजी ३.२६७ व्होल्ट असतील, म्हणजे फक्त एका टक्क्याने कमी, तर तेच १३७७९ घेऊन पुन्हा गणित करा. विभवांतर येते ०.६८६९ व्होल्ट आणि तापमान ३८.१ अंश. संख्या तीच, बोर्ड तोच, आणि फरक चार अंशांचा. म्हणून आधी मल्टिमीटरने काठावरच्या ३५ व्या आणि ३३ व्या टोकांमधले विभवांतर मोजा आणि ३.३ च्या जागी ते घाला. शिवाय हा डायोड मोजतो ते चिपचे तापमान, हवेचे नव्हे. चालू चिप स्वतःच थोडी गरम असते.

हवामान खाते हवेचे तापमान मोजते ते सावलीत, पांढऱ्या जाळीदार पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर. ती पद्धत योग्यच आहे, कारण त्यामुळे एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलना करता येते. पण तो आकडा भर उन्हात तापल्या जमिनीवर बसलेल्या माणसाच्या अंगाला लागणाऱ्या उष्णतेचा आकडा नव्हे. त्यात एक गोष्ट आणखी राहते, ती म्हणजे आर्द्रता. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात सुमारे १०० वॅट उष्णता तयार होत असते आणि उन्हाची भर वेगळी. हवा अंगाइतकीच तापलेली असेल तेव्हा ही उष्णता बाहेर टाकायला घामावाचून उपाय नाही. एक किलोग्रॅम घाम त्वचेवरून उडून जाताना सुमारे २४ लाख जूल उष्णता घेऊन जातो. तासाला एवढा घाम वाळला तर ते ६७० वॅट होतात. ही सोय उत्तम, पण घाम वाळला तरच. खारघर पनवेलच्या खाडीजवळ आहे. इथली हवा दमट. घाम नुसता निथळतो, वाळत नाही, आणि निथळलेल्या घामाबरोबर ती सुप्त उष्णता जात नाही. विदर्भातले अधिक तापमान कोरड्या हवेत सहन होते आणि इथले त्याहून कमी तापमान होत नाही, त्याचे मुख्य कारण हे.

तेव्हा आर्द्रता मोजू या. बीएमई२८० नावाचा एक संवेदक मिळतो. तो तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता तिन्ही मोजतो. त्याच्या पाटीवरच्या चार तारा जोडा: वीज काठावरच्या ३६ व्या टोकाला, जमीन ३८ व्या, 'एसडीए' सहाव्या आणि 'एससीएल' सातव्या टोकाला. या शेवटच्या दोन तारांना मिळून आयटूसी म्हणतात. एकाच जोडीवर अनेक संवेदक लटकवता येतात आणि प्रत्येकाला हजेरी क्रमांक असतो. आता हजेरी घ्या:

>>> फ्रॉम मशीन इम्पोर्ट आयटूसी
>>> तार = आयटूसी(०, एससीएल=पिन(५), एसडीए=पिन(४))
>>> तार.स्कॅन()
[११८]

बोर्डाने ८ पासून ११९ पर्यंत ११२ क्रमांक एकेक करून पुकारले आणि ११८ ने 'हजर' म्हटले. काही पाट्या ११९ म्हणतात. रिकामा कंस आला तर कोणीच हजर नाही. अशा वेळी दोन तारांची अदलाबदल झाली आहे का ते प्रथम पाहा.

उत्तर आले म्हणून निर्धास्त होऊ नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा घरपोच मागवलेल्या पुडीवर बीएमई२८० लिहिलेले असते, पण आत पुष्कळदा बीएमपी२८० निघतो. दिसायला जुळा भाऊ, हजेरी क्रमांक तोच, तापमान व दाबही मोजतो, पण आर्द्रता मोजण्याचा अवयवच त्याला नाही. तयार आज्ञावली अशा वेळी आर्द्रतेच्या जागी शून्य किंवा भलताच आकडा छापते आणि तुम्ही तो वहीत उतरवता. शेलवर मात्र त्यालाच नाव विचारता येते. दोघांच्याही आत २०८ क्रमांकाच्या कप्प्यात ओळखीची संख्या कोरलेली असते:

>>> तार.रीडफ्रॉम_मेम(११८, २०८, १)[०]
९६

९६ आले तर बीएमई, आर्द्रतेसह. ८८ आले तर बीएमपी. (शेवटचा [०] हा कंस विसरलात तर संख्येऐवजी एखादे अक्षर किंवा चिन्ह छापून येते. ८८ हा रोमन 'एक्स'चा संकेत, म्हणून 'एक्स' दिसला तरी पाटी बीएमपीची समजा.) पाटी विकत घेतली त्या दिवशीच ही ओळ देऊन पाहावी. दुकानदाराशी वाद घालायला हा पुरावा पुरेसा आहे. खरा बीएमई निघाला तर त्याची पूर्ण मापने घेण्यासाठी तयार ग्रंथालय वापरायला माझी हरकत नाही. त्यातली दुरुस्तीची सूत्रे लांबलचक आहेत आणि ती हाताने टंकण्यात शहाणपण नाही. आर्द्रतेच्या त्याच्या मापात ३ टक्के इकडेतिकडे धरून चाला.

इतर बोर्डांविषयी थोडेसे. खारघर स्थानकासमोर सी-डॅकचे जे केंद्र आहे ते पूर्वीच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचे, ते २००३ साली सी-डॅकमध्ये विलीन झाले. याच संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राने 'वेगा' हे प्रोसेसर रचले आणि त्यांतील एकावर आधारलेली 'तेजस-३२' ही १०० मेगाहर्ट्झची चिप 'एरीज' नावाच्या बोर्डांवर मिळते. तिचा नकाशा निराळा, पण तिथेही खटके, घड्याळे आणि संदेशवाहक पत्त्यांवरच बसलेले आहेत. घरातल्या इंटरनेटच्या जुन्या राउटरच्या बोर्डावर बहुधा तीन-चार सुट्या टोकांची एक ओळ असते. ती संगणकाला जोडता आली तर पुष्कळ राउटर सुरू होताना 'यू-बूट' नावाचा शेल दाखवतात, आणि त्यातली 'एमडी' ही आज्ञा आपण आज जे केले तेच करते, म्हणजे पत्ता द्या आणि तिथले पाहा. बंद पडलेल्या राउटरवरच हे करावे, चालू राउटरवर घरचे रागावतील.

शिक्षकांसाठी एक सूचना. शेलची स्मरणशक्ती अल्प आहे. केबल निघाली की तुम्ही ठेवलेली सारी नावे पुसली जातात. म्हणून पाच विद्यार्थ्यांत एक बोर्ड द्यावा. एकाने टंकावे, एकाने प्रत्येक प्रश्न व उत्तर शब्दशः वहीत उतरवावे आणि पुढचा प्रश्न कोणता हे उरलेल्या तिघांनी ठरवावे. चुकीची उत्तरेही खोडू नयेत.

आणि हा या महिन्याचा प्रयोग. एकाच दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान चार ठिकाणी बोर्ड आणि बीएमई२८० घेऊन जा: शाळेच्या व्हरांड्याची सावली, पत्र्याखालची खोली, झाडाखालची जागा आणि उघडे मैदान. मैदानावर संवेदकावर थेट ऊन पडू न देता पांढऱ्या पुठ्ठ्याची सावली धरा, आणि मग पुठ्ठा काढून पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक नोंदवा. मैदानावर दहा मिनिटांहून अधिक थांबू नका, टोपी आणि पाणी बरोबर ठेवा. प्रत्येक नोंदीपुढे वेळ, जागा, सावली होती की ऊन, जमिनीपासून उंची, २०८ व्या कप्प्यातली संख्या आणि मल्टिमीटरने मोजलेले ३५ व्या टोकाचे विभवांतर लिहा. या सहापैकी एखादी गोष्ट राहिली असेल तर त्या ओळीतले तापमान तक्त्यात घेऊ नका, पुन्हा जाऊन मोजा.